मामांची सुई आणि मामीचं विरजण

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध संकलन केंद्राच्या लॅबमध्ये उभी होते. सकाळची वेळ, बाहेर कॅनची रांग, हातात नमुन्याची बाटली. मामांचा मुलगा संतोष नगरच्या हॉस्पिटलातून एवढंच म्हणाला, "ताई, गेले." मी फोन ठेवला. उरलेल्या दोन बाटल्या तपासल्या, नोंद केली, हात कोपरापर्यंत साबणाने घासून धुतले आणि मगच बाहेर आले. पुढे नातेवाइकांत याची बरीच चर्चा झाली. "सख्खा मामा गेला आन् ही बाटल्या हलवीत बसली." बसले खरी. मामा ज्या गोष्टीने गेले ती त्या दोन बाटल्यांत आहे की नाही, तेवढंच बघणं त्या घटकेला माझ्या हातात होतं. आणि खरं सांगायचं तर... मामांचा इतका राग आला होता, की रडूच येईना.

कोल्हारपासून पाच-सहा किलोमीटर आत मामांचं गाव आहे. तिथे निवृत्तीमामांना सगळे 'निवृत्ती डाक्टर' म्हणत. ते माणसांचे डॉक्टर नव्हते आणि जनावरांचेही नव्हते. दहावी नापास. तरुणपणी गुरांच्या एका डॉक्टरांच्या मागे बॅग धरून वर्ष-दीड वर्ष हिंडले, बघून बघून सुई मारायला शिकले, आणि डॉक्टरांची बदली झाल्यावर तसलीच काळी बॅग नगरहून आणून स्वतःच सुरू झाले. सकाळी गोठे, संध्याकाळी माणसं, आणि दोन्हीकडे तीच बॅग. गाईला टोचून बाटलीत उरलं ते गाईच्या मालकाच्या तापाला. मी हे विनोदाने लिहीत नाही, माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे.

दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर मंडप होता. मामांचा पुरुषभर उंचीचा फ्लेक्स, गळ्यात स्टेथोस्कोप. तो त्यांच्या गळ्यात मी जन्मात पाहिला नव्हता. फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर घातला होता. भाषणं झाली. एकाने त्यांना गरिबांचा धन्वंतरी केलं. दुसरा, तालुक्यातला कसलासा माजी पदाधिकारी, आवाज कापरा करून म्हणाला, "निवृत्तीअण्णांनी दारी आलेल्याला सुई दिल्याबिगर कधी परत लावलं न्हाई." माणसं माना हलवत होती. मी फ्लेक्सकडे बघत होते. अहो, तोच तर आजार होता! परत लावलं असतं, तर आज घाटावर मंडप नसता. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "मॅडम, तुमी शिकलेल्या हाय, दोन शब्द बोला." मी नको म्हटलं. बोलले असते तर पिंडाला कावळा शिवायच्या आत मंडप रिकामा झाला असता. ते दोन शब्द आता सव्वा महिन्याने इथे लिहिते आहे. थोडे वाढतील.

मी आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांतली पहिली पदवीधर. बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. कुणाला हे मिरवणं वाटलं तर वाटू दे. वडील कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. आमच्या घरात कुणी मिरवावं असं त्याआधी काही घडलंच नव्हतं. हायस्कूल मामांच्या गावात होतं म्हणून आठवीपासून मी त्यांच्याकडेच राहिले. बारावीनंतर कॉलेजच्या खिडकीशी मला मोटारसायकलवरून नेणारे मामाच. क्लार्कने विचारलं, "विषय कोणता?" मामा म्हणाले, "डाक्टरकीला लागून जे आसंल ते द्या." क्लार्क म्हणाला, "सूक्ष्मजीवशास्त्र आहे." "त्यात काय आस्तं?" "जंतू." मामा खूश. "लिवा, लिवा! आमचा रोजचाच संबंध हाय त्यांच्याशी." मागची रांग हसली. मी जमिनीकडे बघत राहिले. पण हेही लिहायला हवं, की त्या दिवशी ते मला खिडकीशी घेऊन उभे राहिले नसते, तर आज हा लेख लिहिणारी कुणी नसती.

आता दह्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. मामांच्या गोठ्यात पाच संकरित गाई आणि घरात दही नाही. मामी रोज संध्याकाळी स्टीलच्या वाटीत कोमट दूध घ्यायची, विरजण लावायची, फडक्याने झाकून चुलीच्या कडेला ठेवायची. सकाळी मामा बॅग घेऊन निघायच्या आधी ती वाटी उचलायचे आणि जराशी कलती करायचे. पांढरं पाणी एका अंगाला वाहायचं. "काय मने, आज तरी?" असं मला विचारायचे, हसायचे आणि वाटी खाली ठेवायचे. मी त्या घरात काढलेल्या वर्षांत हा खेळ रोजचा. घरात दही लागत नाही यावरून मामीने काय काय नाही केलं! वाटी बदलली, चूल बदलली, कुणी सांगितलं म्हणून दारावर लिंबू-मिरची बांधली. दर दोन-तीन दिवसांनी शेजारच्या मार्थाकाकूंकडून विरजण मागून आणायची. मार्थाकाकू मिशनच्या शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांच्याकडे गाय सोडा, शेळीसुद्धा नाही. दूध पिशवीचं. आणि त्यांचं दही असं, की चमचा उभा राहावा.

दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी प्रॅक्टिकलला घरचं दही आणायला सांगितलं. मी डबीत नेलं ते तार सुटणारं पांढरं पाणी. वर्गातल्या पोरी तोंडावर रुमाल धरून हसल्या. सरांनी मात्र डबी उजेडाकडे धरून विचारलं, "घरच्या गाईला काही औषध चालू आहे का?" चालू आहे का! आमच्याकडे बंद कधी होतं? पाचातल्या एखादीची कास सुजलेलीच असायची, मामा तिला सुई मारायचे आणि दूध सगळ्यांचं एकत्र. सरांनी समजावलं. दही म्हणजे जिवंत जिवाणूंचं काम. विरजणात ते कोट्यवधी असतात, दुधातली साखर खातात, आम्ल सोडतात, त्या आम्लाने दूध घट्ट होतं. गाईला टोचलेलं जिवाणू मारायचं औषध पुढे कितीतरी दिवस तिच्या दुधात उतरत राहतं. त्या दुधात विरजण घालणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवून ताटात विष वाढणं. आणि उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, औषध मरत नाही.

मी एस.टी.तून उतरले ती पळतच घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काही कळलं होतं, जे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. "मामा, तुमच्या सुईने मामीचं विरजण मरतंय!" मी सगळं धडाधडा सांगितलं. मामी पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिली. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "म्हंजी माझी सुई अस्सल हाय. भेसळ न्हाई!" घरभर हशा. मी तोंड पाडून बसले. त्यावर मामीने एवढंच विचारलं, "आन् मग ते दूध पोटात गेल्यावर?" मामा बॅग घेऊन गोठ्याकडे निघून गेले. मीही पुस्तकं उचलली. मला माझं हसू झालं याचंच वाईट वाटत होतं.

मामा अडाणी होते म्हणून असं करत, असं मला म्हणता आलं असतं तर बरं होतं. अडाणी माणसाला माफ करता येतं. कॉलेजच्या प्रदर्शनाच्या दिवशी मामा पांढरे कपडे घालून आले होते. मी मार्थाकाकूंच्या दह्याचा ठिपका काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली लावला होता. मामांनी एक डोळा मिटला, वाकले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मागची माणसं खोळंबली. "ह्ये बारीक काड्यावानी... आन् ह्या मन्यांच्या माळा... जित्तं हाय ह्ये?" म्हटलं, "आता रंगवलं म्हणून मेलंय. वाटीत जिवंत आहे." घरी येताना मोटारसायकलवर वाटभर प्रश्न. खोकला-पडशाचा जंतू दाखवला का नाहीस? तो दिसत नाही मामा, तो विषाणू, या यंत्रात दिसण्याइतकाही मोठा नाही. मग दोघांत फरक काय? मी पुस्तकातलं सांगितलं. जिवाणू हा पुरा जीव, त्याला स्वतःची भिंत, स्वतःचं पोट, तो आपलं आपण खातो आणि वाढतो. विषाणू म्हणजे नुसता निरोप असलेलं पाकीट, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला काहीच करता येत नाही. थोडं अंतर गेल्यावर मामा म्हणाले, "म्हंजी जिवाणूचं सोताचं बिऱ्हाड हाय. आन् विषाणू आपल्या घरात घुसून आपल्याच चुलीवर सैपाक करतो. मग आमच्या सुया फोडतात त्या जिवाणूच्या चुली न् भिती. विषाणूची चूलच न्हाई तर फोडणार काय?" सरांना हे सांगायला तासभर लागला असता. मी मागे बसून थक्क.

मग त्याच संध्याकाळी पडवीत सर्दीतापाची तीन माणसं बसलेली, आणि मामांनी तिघांना दंडात एकेक सुई दिली. तीच, जिवाणूची. माणसं गेल्यावर मी म्हटलं, "आत्ताच तर तुम्ही मला सांगितलंत, याचा उपयोग नाही म्हणून!" मामा बॅग आवरत होते. "मने, मला कळतंय. पन त्यांला सुई लागती. इथं न्हाई मिळाली तर म्होरच्या गावाला जात्याल. चार दिसांत पडसं आपलं आपन जातंय, नाव सुईचं हुतंय. माझं काय जातंय?" आणि डोळा मारला.

हा डोळा मी त्यांना कधी माफ केला नाही. माणूस समजून-उमजून खोटं करतो आणि वर त्याला लोकांची सेवा म्हणतो, हे मला सहन होत नाही. आणि सुईसाठी दंड पुढे करणारं ते गाव? त्यात मास्तर होते, सोसायटीचे सेक्रेटरी होते. मोबाईल घेताना चार दुकानं फिरणारे हे लोक, अंगात काय टोचलं ते कधी विचारत नव्हते. नुसत्या गोळ्या आणि चार दिवस आराम सांगणारा एम.बी.बी.एस. त्यांच्या मते बिनकामाचा. "डाक्टर कसला तो, साधी सुई मारंना!" लंपीची साथ आली तेव्हा एका गोठ्यात अकरा जनावरांना मामांनी एकच सुई वापरली. लंपी हा गुरांचा विषाणू. माश्या-गोचीड तो पसरवतातच, पण रक्ताळलेली सुई त्याला आयतं वाहन. मी भांडले. मामा म्हणाले, "गोठा एक, मालक एक, सुई कशाला येगळी?" त्यातल्या तीन गाई गेल्या. मामांच्या सुईने गेल्या असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येत नाही ते बोलू नये एवढं तरी मी कॉलेजात शिकले. मालक मात्र मामांना पेढे देऊन गेला. आठ वाचल्या म्हणून.

नोकरी मला मिळाली तीही दुधातच. संकलन केंद्राच्या लॅबमध्ये. तिथे दुधात औषध आहे का हे बघायला कागदी पट्टी असते. ती दुधात बुडवायची, ठरलेली रेघ उमटली तर दूध आत, नाही उमटली तर कॅन परत. रुजू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच मामांच्या कॅनची रेघ उमटली नाही. मी खिडकीतून हाक मारली, "निवृत्ती मारुती, दूध परत." सगळी रांग बघायला लागली. मामा खिडकीशी आले. "मने, मामाचं दूध परत लावती व्हय?" मी म्हटलं, "दूध मामाचं असो नाहीतर कलेक्टरचं. रेघ नाही तर दूध नाही." रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "घ्या निवृत्ती डाक्टर, तुमचंच औषध तुमाला लागू पडलं!" लोक हसले, मामाही हसले, कॅन उचलून गेले. मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला! घरी आईला फोन करून सांगितलं.

संध्याकाळी मामांकडे गेले तर घरात बासुंदीचा वास. परत आलेलं सगळं दूध मामीने आटवलं होतं. संतोषची पोरगी, तीन वर्षांची आर्वी, वाटी चाटत होती. "डेअरीला चालत न्हाई म्हनून काय वतून द्यायचं का?" मामी म्हणाली. "दूध हाय ते. गटारीत वतायला जीव हुईना." मामांनी माझ्या हातात वाटी दिली. "खा. तुझ्या पट्टीनं दिलेली बासुंदी हाय."

मी खाल्ली.

आमच्या भागात हे घरोघर चालतं, आणि कुणाला यात काही चुकतंय असं वाटत नाही. चांगलं दूध शहराला, परत आलेलं पोरांना. मार्थाकाकूंचं दही लागायचं, कारण त्यांच्या पिशवीतलं दूध माझ्यासारख्या कुणीतरी तपासलेलं असायचं. आणि पाच गाईंच्या मालकिणीने त्यांच्या दारी विरजणाची वाटी घेऊन उभं राहायचं. त्या वर्षात मामांचं दूध मी आणखी तीनदा परत पाठवलं, तीनदा माझं कर्तव्य केलं. ते कॅन कुठे जातात हे मला पक्कं ठाऊक होतं. पण केंद्राच्या फाटकाबाहेर माझी डिग्री कधी गेली नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला एका गोठ्यात गाय व्याली, पण वासरामागून पडायची तिची वार अडकली. मामांनी नेहमीसारखा उघडा हात खांद्यापर्यंत आत घालून ती काढली. अंगठ्याला कडबाकुट्टीच्या पात्याची ताजी चीर होती. बादलीत हात खळबळला, हळद दाबली, चहा पिऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी हात ठणकायला लागला, ताप चढला. बॅगेत गाईची अर्धी बाटली होती. टोचून घेतली. दोन दिवसांत ताप उतरला, तेव्हा बंद. "बरं झाल्यावर औषध कशाला वाया घालवायचं?" आठवड्याने पुन्हा सूज, पुन्हा दोन सुया, पुन्हा बंद. मला कुणी कळवलं नाही. मी रविवारी सहज गेले, तर मामा पडवीत हात उशीवर ठेवून बसलेले. हात कोपरापर्यंत फुगलेला, कातडी ताणून चकाकणारी, अंगठ्यातून पू.

"नगरला चला. आत्ता."

"तिसरी सुई चालू केली हाय. जरा कडक."

मी ओरडलेच. "मामा, तुम्ही हरळीवर अर्धं तणनाशक मारता का? मारलं तर काय होतं? कोवळी मरते, चिवट राहते, आणि पुढच्या वेळी त्याच चिवटाचं रान माजतं. हातात तेच केलंय तुम्ही! दोन दिवसांत मेले ते लेचेपेचे जंतू. जे उरले ते तुमची सुई पचवून उरलेत, आणि आता तेच वाढतायत. आणि आजचं नाही हे. पंचवीस वर्षं घरातल्या दुधातून थोडं थोडं पोटात जातंय!"

मामा हसले, पण ओठ कोरडे होते. "तू जंतूंची डाक्टरीन, मी मानसांचा. मी नगरच्या दवाखान्यात जाऊन पडलो तर उद्या माझ्याकडं कोन येईल गं? म्हनत्याल, डाक्टरलाच सोताची सुई लागू पडंना."

हे खरं कारण होतं. पैसा नाही, भीती नाही. नाव. मी मामीकडे बघितलं, ती दारात उभी होती. मी रागाने चप्पल घातली आणि निघून आले. त्या रागाला मी अजून क्षमा करत नाही. उचलून नेता आलं असतं. संतोष होता, जीप होती. मी काय केलं, तर माझंच बरोबर ठरावं म्हणून घरी जाऊन बसले. दोन दिवसांनी मामा तापात बरळायला लागले, गाई हाकायला लागले, तेव्हा नेलं.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या वर्गातली एक मैत्रीण होती. मामांच्या पुवाची ताटली तिने मला दाखवली. काचेच्या ताटलीत जंतू वाढवतात आणि वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल पडतो. मामांच्या ताटलीत मखमल उगवली होती. टिकल्यांच्या पार कडेला भिडलेली. मामा पंचवीस वर्षं ज्या ज्या सुया मारत आले, त्यांच्या टिकल्या तिच्यात बुडून गेल्या होत्या. एकाच टिकलीभोवती बांगडीएवढासुद्धा नव्हे, अंगठीएवढा गोल. मैत्रीण म्हणाली, "हे चालू केलंय. पण रक्तात उतरलंय गं सगळं."

त्या दिवशी ते थोडे शुद्धीवर होते. मला म्हणाले, "बगितली का ताटली?" म्हटलं, "बघितली." "किती लागू पडत्यात?" मी खोटं बोलणार होते... नाही बोलता आलं. "एक." मामा छताकडे बघत राहिले. "एकच व्हय... लई घान केली मी." मग जरा वेळाने, पुन्हा जुना मामा. "मामीला सांग, मी येईस्तवर गाईंना कुनाला सुई मारू द्यू नको. लोक येड्यावानी मारत्यात. मी आल्यावर मारीन." मी म्हटलं, "सांगते." त्यांच्याशी माझं हे शेवटचं बोलणं. मूत्रपिंडं थांबली, आणि नवव्या दिवशी मामा गेले.

गावात आजही सांगतात, निवृत्ती डाक्टर नगरला नेले म्हणून गेले. घरीच ठेवले असते तर आपल्या सुईने बरे झाले असते.

दशक्रियेनंतर तीन आठवड्यांनी मी मामीकडे गेले, ती भांडायच्या तयारीने. संतोष बॅग घेऊन बापाची गादी चालवणार, असं कानावर आलं होतं. लोक दारी येतच होते. मी वाटेत वाक्यं जुळवली होती. जिवाणू, विषाणू, ताटली, आर्वी. सगळी डिग्री पाजळून आले होते. संतोष ओट्यावर तोंड पाडून बसला होता. मी विचारायच्या आत तोच म्हणाला, "ताई, तूच सांग तिला. बॅग पेटीत कुलूप लावून ठिवलीय. म्हनती, हात लावला तर चूल पेटवनार न्हाई."

मामी आत चुलीशी होती. माझ्याकडे न बघता तिने कनवटीची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "घिऊन जा ती बॅग. तुमच्यात टाकायची जागा आसंल ना, कुनाच्या हाताला लागनार न्हाई अशी?" म्हटलं, "आहे." "मंग ने. आन् थांब."

तिने चुलीच्या कडेची वाटी उचलली, फडकं काढलं आणि माझ्या हातात दिली. मी बघत राहिले. दही लागलं होतं. वर सायीचा पातळ पापुद्रा, कडेला सुटलेल्या पाण्याचा एक थेंब. मामांच्या शेवटच्या सांगण्यावरून गाईंना महिनाभर कुणी सुई मारली नव्हती.

मला वाटलं, आता ही म्हणणार, मामांचा आत्मा शांत झाला. मी उत्तर तयारच ठेवलं होतं. मामी म्हणाली, "सुई बंद झाली, दही लागलं. तू बोलली हुतीस तसंच."

"तुला पटलं होतं तेव्हा?"

"मला काय येडी समजती का? तवाच पटलं. रोज सकाळी वाटी बगितली का कळायचं, आज पोरीच्या पोटात काय जातंय ते."

"मग बोलली का नाहीस कधी?"

मामी लाकूड पुढे सारत म्हणाली, "त्यांला कोन बोलनार? तू शिकलेली, तू तरी कुठं बोलली? तू तिकडं पट्टी बगायचीस, मी हितं वाटी बगायची. दोगींनाबी ठाव हुतं." आणि मग, आवाज न चढवता, "बासुंदी तर दोगींनीबी खाल्ली."

मी सगळ्या गावाला नावं ठेवत आले होते. मी वाटी खाली ठेवली आणि किल्ली उचलली.

बॅग मी केंद्रावर आणली. औषधं आणि सुया संसर्गी कचऱ्याच्या गाडीत गेल्या. रिकामी बॅगही दिली, ठेवून घ्यावीशी वाटली तरी. मामीने डबीभर विरजण दिलं होतं, तेवढं ठेवलं. तेच विरजण तिने मार्थाकाकूंनाही धाडलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरातून त्यांच्या घरी. आणि मी आता दर रविवारी चार-पाच घरांत जाते, ज्यांचे कॅन त्या आठवड्यात परत गेले त्यांच्या. दूध काय केलंत, विचारते. लोक हसतात, कुणी दार लावून घेतं, एकजण म्हणाला, "मॅडम, मामा बरा हुता तुमचा, आसं छळत नव्हता." मी त्यांच्या चुलीशी बसते आणि दह्याची वाटी मागते. पट्टीवर कुणाचा विश्वास नसतो. वाटीवर असतो.

रोज संध्याकाळी मी विरजण लावते आणि सकाळी कामाला निघायच्या आधी वाटी उचलते. विज्ञानाच्या दृष्टीने त्याची गरज नाही, नुसतं बघून कळतं. तरी हात जातोच. वाटी मामांसारखी एका अंगाला जराशी कलती करते, आणि "काय मने, आज तरी?" ऐकू येईपर्यंत तशीच धरते.

दही जागचं हलत नाही.